ऑटोपायलटचा अलार्म वाजला: आधी सुकाणू, मग स्क्रीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. 11 मीटरची शिडाची बोट, चाकाचं सुकाणू, डेकखाली सुकाणू फिरवणारा, विजेवर चालणारा ड्राइव्ह आणि त्याला हुकूम देणारा ऑटोपायलट, म्हणजे दिलेली दिशा आपोआप धरून ठेवणारं यंत्र. रात्रीची वेळ, मागून तिरक्या लाटा, पहाऱ्यावर एकच माणूस. ‘ऑफ कोर्स’चा अलार्म वाजला, त्याने बटण दाबून तो गप्प केला आणि पुन्हा ऑटो लावलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ‘लो बॅटरी’ आलं, पायलटने हात वर केले, बोट स्वतःच्या मनाने वळली आणि बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, फाडकन दुसऱ्या बाजूला गेला. सुदैवाने कोणाला लागलं नाही. विचारलंय ते असं: अलार्म वाजल्यावर नेमकं कोणत्या क्रमाने काय करायचं, आणि कोर्स कॉम्प्युटर, म्हणजे पायलटचा मेंदू, बदलून टाकावा का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे आहेत. कॉम्प्युटर बदलू नका, निदान इतक्यात नाही. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून तरी मला ती आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत दिसते. तुमच्याकडे तीन वेगवेगळे अलार्म वाजले नाहीत, एकच गोष्ट तीनदा सांगितली गेली. शीड जास्त होतं, म्हणून बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवत होती. ती सरळ ठेवायला ड्राइव्ह जीव तोडून राबत होता. राबणारी मोटर जास्त करंट ओढते, करंट वाढला की वायरीत व्होल्टेज पडतो, आणि तो फार पडला की कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला होतो. पहिल्या अलार्मलाच मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, थोडी ढिली केली असती तर तिसरा बहुतेक आलाच नसता.

आता क्रम. पंचवीस वर्षं हे पायलट बसवतोय, दुरुस्त करतोय आणि त्यांच्या भरवशावर रात्री काढतोय, तरी माझा क्रम बदललेला नाही. आधी चाकाला हात, मग स्टँडबाय (पायलट सोडून चाक माणसाच्या हाती देणारं बटण), मग बाहेर नजर, मग स्क्रीन वाचायची, आणि सगळ्यात शेवटी आवाज बंद करायचा. बहुतेक लोक हे नेमकं उलटं करतात, कारण तो आवाज कानाला सहन होत नाही. पण अलार्म गप्प केला की अनेक पायलटवर स्क्रीनवरचा संदेशही जातो, आणि मग काय लिहिलं होतं यावर नुसती चर्चा उरते. वाचा, मोठ्याने बोला, जमलं तर वेळेसकट वहीत लिहा. ‘काहीतरी ड्राइव्हचं होतं’ एवढ्यावरून मला काहीही सांगता येत नाही.

चाक आधी आणि स्टँडबाय नंतर, यालाही कारण आहे. पायलट लागलेला असताना सुकाणूवरचा सगळा जोर ड्राइव्हने धरून ठेवलेला असतो. स्टँडबाय दाबलं की ड्राइव्हला सुकाणूशी जोडणारा क्लच सुटतो आणि तो जोर एका क्षणात चाकावर येतो. हात नसेल तर चाक गरकन फिरतं आणि बोट तुमच्या आधी निर्णय घेऊन टाकते. म्हणून पाय रोवून, दोन्ही हातांनी चाक धरा, मगच अंगठ्याने बटण. ते बटण अंधारात, हातमोजे घालून, न बघता सापडलं पाहिजे. नव्या माणसाला पहाऱ्यावर ठेवण्याआधी मी त्याला डोळे मिटून तेवढं एक बटण दहा वेळा दाबायला लावतो. लोक हसतात. हसू देत.

स्टँडबाय दाबल्यावर चाक थोडं डावी-उजवीकडे हलवून बोट ऐकते का ते बघा. फालतू वाटेल, पण 18 मार्च 1967 रोजी ‘टोरी कॅन्यन’ हा तेलवाहू टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सेव्हन स्टोन्सच्या खडकांवर चढला, त्या शेवटच्या मिनिटांत चाक फिरवूनही जहाज वळेना, कारण स्टिअरिंगची पद्धत निवडणारा खटका हाताने चालवण्याच्या जागेवर नव्हताच. ते कळेपर्यंत उशीर झाला होता. तुमच्या बोटीवर क्लच अडकला आणि चाक सुटलंच नाही, तर थेट पायलटचा ब्रेकर पाडायचा. तो ब्रेकर कुठे आहे हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि आणीबाणीची सुकाणूकाठी लॉकरच्या तळाशी सगळ्या सामानाखाली नको.

बाहेर नजर म्हणजे काय, तेही सांगतो. मुख्य होकायंत्रावर बोटीचं तोंड कुठे आहे, वारा अंगावर कुठून लागतोय, आजूबाजूला दिवे आहेत का, बूम कुठल्या बाजूला आहे. पाच सेकंदांचं काम. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवायला सांगतो, आणि पायलट लावलाय म्हणून त्यातून कोणालाही सूट नाही.

‘ऑफ कोर्स’चा अर्थ बरेच जण ‘आपण मार्ग चुकलो’ असा घेतात. तसं नाही. पायलट एवढंच म्हणतोय की तुम्ही दिलेली दिशा आणि माझ्या होकायंत्राला दिसणारी दिशा यांत फरक पडलाय आणि तो मला भरून काढता येत नाही. बऱ्याच पायलटवर ही मर्यादा 20 अंशांच्या आसपास लावून येते, आणि तेवढा फरक काही सेकंद टिकला की आवाज येतो. 6 नॉट (ताशी 6 सागरी मैल) वेगाने 20 अंश बाजूला जात राहिलात तर दहा मिनिटांत ठरवलेल्या रेषेपासून जवळजवळ 630 मीटर लांब असाल. खुल्या समुद्रात फारसं बिघडणार नाही, खडकांच्या बाजूने जाताना सगळंच बिघडेल.

कारण शोधायला स्क्रीन लागत नाही. चाक हातात घेतल्यावर तुमचेच दंड सांगतात. सुकाणू सतत एकाच बाजूला 10 अंशांहून जास्त धरावं लागत असेल तर शीड जास्त आहे. मेनसेलचा दोर सोडा, नाहीतर रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा, आणि बोट दोन बोटांनी चालवता येईल इतकी हलकी झाली की मग पायलटच्या हवाली करा. तुम्हाला घाम फुटतोय ते काम यंत्राला देऊन वर त्याने तक्रार करू नये ही अपेक्षा चुकीची आहे. याउलट चाक हलकं आहे पण बोट ऐकतच नाही, तर वेग फार कमी असेल, सुकाणूला पाण्याची पकडच मिळत नसेल. आणि मागून तिरकी येणारी लाट दर वेळी बोटीचा मागचा भाग ढकलत असेल, तर रिस्पॉन्स (पायलट किती चटकन सुकाणू हलवतो ते) एखाद्या पायरीने वाढवून आणि काउंटर रडर (वळू लागलेली बोट थोपवायला दिलेलं उलटं सुकाणू) थोडा चढवून बघा. एखाद्याच पायरीने. रिस्पॉन्स कमाल करून ठेवला की मोटर एक क्षण गप्प बसत नाही, आणि बॅटरी कुठे गेली म्हणून पहाटे शोधत बसावं लागतं. अलार्मची मर्यादा 20 वरून 40 वर नेणारेही भेटतात. तापाची गोळी न देता थर्मामीटर फेकून देण्याचा तो प्रकार आहे.

‘लो बॅटरी’वर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण या अलार्मचं नावच फसवं आहे. पायलटला बॅटरी दिसत नाही. त्याला दिसतो त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर पोचलेला व्होल्टेज. बॅटरी आणि तो यांच्यात लांब वायर, एक-दोन जोड, एक फ्यूज आणि एक ब्रेकर असतो. समजा या सगळ्या वाटेचा मिळून रोध फक्त 0.1 ओम आहे. ड्राइव्ह 2 अँपिअर ओढत असताना 0.2 व्होल्ट पडतील, कोणाला कळणारही नाही. लाटेवर तोच ड्राइव्ह 20 अँपिअर ओढू लागला की 2 व्होल्ट पडतील. बॅटरीवर 12.4 दाखवणारा मीटर खोटं बोलत नाही, पण पायलटकडे तेव्हा 10.4 पोचत असतात. म्हणूनच हा अलार्म धक्क्याला बांधलेल्या बोटीवर कधीच येत नाही आणि नको त्या रात्री हमखास येतो.

एका बोटीवर मालकाने दोन हंगामांत दोनदा बॅटऱ्या बदलल्या होत्या. तरी तक्रार तीच. मी एकाला चाक धरायला लावलं, दुसऱ्याला पायलटवरून डावी-उजवीकडे दहा-दहा अंश द्यायला सांगितलं, आणि डेकखाली आडवा होऊन वायरीवरून हात फिरवत गेलो. फ्यूजच्या घराला हात लावला तो चटका बसला. उघडून बघितलं तर तांब्यावर हिरवट बुरशी, स्प्रिंग काळी पडलेली, आणि वायरीचं टोक दाबून बसवलेल्या लगमधून, म्हणजे धातूच्या टोपणातून, नुसतं ओढून बाहेर आलं. चांगल्या फ्यूजच्या घराची किंमत आणि दोन जोडी बॅटऱ्यांची किंमत यांची तुलना मालकाने स्वतःच केली, मी काही बोललो नाही.

तर मोजायचं कसं: मल्टिमीटर पायलटच्या टर्मिनलवर, ड्राइव्ह प्रत्यक्ष सुकाणू ढकलत असताना. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर दुसरं माप. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची वायर खात असलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मी शोधायला लागतो. बॅटरीचं स्वतःचं बघायचं असेल तर काही तास काहीही न चालवता ठेवून मोजा: साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना 12.7 च्या आसपास असते आणि 12.2 ला ती अर्धीच उरलेली असते. समुद्रात असताना यातलं काही करायचं नाही. तिथे चाक हातात घ्यायचं, पाण्यात दोर लोंबकळत नाही ना ते बघून इंजिन चालू करायचं, फ्रिजसारखे मोठे खाणारे बंद करायचे आणि शीड कमी करायचं.

‘ड्राइव्ह स्टॉप’ किंवा त्याच अर्थाचा संदेश आला तर पुन्हा पुन्हा ऑटो दाबत बसू नका. मोटरला हुकूम गेलाय आणि सुकाणू हललं नाही, असं ते सांगतंय. जागा मोकळी असेल तर वेग कमी करून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर दोष ड्राइव्हच्या बाजूला: क्लच घसरतोय, जोड सैल झालाय, मोटरचे ब्रश संपलेत, हायड्रॉलिक असेल तर तेल कमी झालंय किंवा नळीत हवा शिरलीय. हवा असेल तर चाक स्पंजसारखं लागतं, एकदा हाताला कळलं की विसरत नाही. चाक जड किंवा अडकलेलं असेल तर पायलट निर्दोष आहे. सुकाणूत दोर किंवा जाळं गुंतलं असेल. किंवा, हे फार वेळा बघितलंय, मागच्या लॉकरमध्ये कोंबलेला फेंडर (बोटीच्या बाजूला लावायची फुगीर उशी) लाटेच्या धक्क्याने घसरून क्वाड्रंटमध्ये, म्हणजे सुकाणूचा दांडा फिरवणाऱ्या चकतीत, जाऊन बसलेला असतो. तिथे हात घालण्याआधी पायलटचा ब्रेकर पाडा. ड्राइव्हला बोटं आणि फेंडर यांतला फरक कळत नाही.

सुकाणूची स्थिती सांगणारा रडर सेन्सर बिघडला तर अलार्म लगेच येईलच असं नाही. त्याच्या आतला पोटेन्शियोमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) बहुधा मधल्या भागात झिजतो, कारण बोट बहुतेक वेळ सरळच जाते. लक्षण असं की पायलट मधोमध सारखा चुळबुळ करतो, डावी-उजवी, डावी-उजवी. सेन्सरचा दांडा जोडणारा बॉल-जॉइंट निखळला तरी असंच वेड लागतं. तो बघायला दोन मिनिटं लागतात, आधी तो बघा.

‘नो डेटा’चा, म्हणजे जीपीएससारख्या यंत्राकडून माहिती येणं थांबल्याचा, अलार्म मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण तो वाजला तरी बोट मस्त सरळ चाललेली असते. 10 जून 1995 रोजी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नॅन्टुकेट बेटाजवळच्या रोझ अँड क्राउन या उथळ पट्ट्यावर रुतलं. बर्म्युडाहून निघाल्यावर तासाभराच्या आतच जीपीएसच्या अँटेनाची केबल निघाली होती. जीपीएस मुकाट्याने अंदाजाच्या गणितावर गेला, पडद्यावर त्याची बारीक अक्षरांत खूण आली, मनगटी घड्याळासारखा सेकंदभर आवाज झाला आणि संपला. ऑटोपायलट त्या चुकीच्या जागेवर विश्वास ठेवून जवळजवळ 34 तास इमानेइतबारे चालत राहिला. जमिनीला लागेपर्यंत जहाज ठरवलेल्या मार्गापासून सुमारे 17 मैल बाजूला होतं. म्हणून ट्रॅकवर, म्हणजे जीपीएसने आखलेल्या रेषेवर, चालताना डेटा गेल्याचा संदेश आला की सरळ दिशेच्या ऑटोवर या, नकाशावर जागा दुसऱ्या मार्गाने ताडून बघा, आणि मगच केबलींच्या मागे लागा.

केबली शोधताना बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणारं एनएमईए 2000 चं जाळं असेल तर एक झटपट माप आहे. वीज बंद करा आणि मुख्य केबलच्या दोन डेटा तारांमध्ये ओम मोजा. दोन्ही टोकांना 120 ओमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) असतात, म्हणून माप 60 च्या जवळ यायला हवं. 120 आलं तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा केबल मध्येच तुटलीय. 40 आलं तर कोणीतरी हौसेने तिसरा लावलाय.

वेपॉइंटला, म्हणजे मार्गावर आधी ठरवलेल्या बिंदूला, पोचल्याचा अलार्म बिघाडाचा नसतो, पण त्याला दिलेलं उत्तर महागात पडू शकतं. अनेक पायलट पुढच्या वेपॉइंटकडे वळण्याआधी तुमची परवानगी मागतात. झोपेत बटण दाबलं की बोट वळते, मग त्या बाजूला दुसरी बोट असो की उथळ पाणी. नवी दिशा वाचा, त्या बाजूला मान वळवून बघा, मग होकार द्या. वाऱ्याच्या कोनावर चालताना येणारा वारा बदलल्याचा अलार्मही याच जातीचा. तिथे पायलट वाऱ्याशी कोन राखतो, किनाऱ्याशी नाही. वारा 30 अंश फिरला तर बोटही 30 अंश फिरलेली असेल.

एक प्रकार तुम्ही विचारलेला नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कधी कधी अलार्म वाजायला हवा आणि वाजतच नाही. एकदा रात्री दोन वाजता मी पहाऱ्यावर होतो. पायलटच्या पडद्यावर 090, म्हणजे पूर्व, काटा हलत नव्हता, सगळं शांत. पण वारा इतका वेळ उजव्या कानामागे लागत होता तो हळूहळू गालावर यायला लागला. वारा फिरला असेल असं वाटलं. मग सहज मुख्य होकायंत्रावर टॉर्च मारला तर तिथे 120 च्या जवळ. खाली झोपायला गेलेल्या मित्राने त्याचा छोटा स्पीकर बंकखालच्या कप्प्यात ठेवला होता, आणि त्याच फळीच्या पलीकडे पायलटचा होकायंत्र-सेन्सर. स्पीकरमधल्या चुंबकाने सेन्सरला भुलवलं, पायलटने भुललेल्या दिशेप्रमाणे बोट वळवली, आणि त्याच्या मते तर चूक शून्य होती. ‘ऑफ कोर्स’ वाजणार कसा? तो त्याच खोट्या होकायंत्राशी तुलना करतो. तेव्हापासून सेन्सरच्या भोवती हातभर अंतरावर मी लाल टेप लावतो आणि दर तासाला दोन्ही होकायंत्रांचे आकडे शेजारी-शेजारी लिहितो. स्पीकर, अवजारांची पेटी, लोखंडी डबे, चुंबकाचं झाकण असलेला फोन, सगळं त्या रेषेच्या बाहेर. शंका आली तर सपाट पाण्यात सावकाश दोन-तीन पूर्ण चकरा मारून सेन्सर पुन्हा जुळवून घ्या. विचलन, म्हणजे सेन्सरच्या दिशेतली चूक, 15 अंशांहून जास्त निघालं तर जुळवत बसू नका, सेन्सरची जागाच बदला.

एकट्याने पहारा करायचा असेल तर वॉच अलार्म लावा. मोठ्या जहाजांवर ब्रिजवरचा माणूस जागा आहे ना हे तपासणारी यंत्रणा 3 ते 12 मिनिटांच्या अंतराने लावलेली असते आणि त्याने बटण दाबलं नाही तर आधी दिवा, मग आवाज, मग दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक, असं चढत जातं. छोट्या बोटीवर स्वयंपाकघरातला टायमरही चालतो. पण तो हाताच्या टप्प्यात ठेवू नका. उठून जावं लागेल असा ठेवा.

आता तुमच्या बोटीवर परत येऊ. पुढच्या वेळी धक्क्यावर असाल तेव्हा चाकाला एका माणसाला लटकवा, म्हणजे ड्राइव्हला खरं काम पडेल, आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन मापं घ्या: पायलटच्या टर्मिनलवर किती आणि बॅटरीवर किती. फ्यूजच्या घराला आणि प्रत्येक जोडाला हात लावून कोणता गरम लागतो ते बघा. त्या रात्री मेनसेल पूर्ण होती की रीफ घेतलेली, आणि रिस्पॉन्स कितीवर होता, हेही आठवून लिहून ठेवा. दोन्ही मापांत फरक नसेल, जोड थंड असतील आणि शीडही आवरलेलं असेल, आणि तरीही पायलट मान टाकत असेल, तर मग कोर्स कॉम्प्युटर खोलून बघू.